शटडाऊन दिलं, पण मशीन बंदच होईना

कॉम्प्युटरमध्ये पीएचडी करतेय असं सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर आदराने बघतो आणि मग विचारतो, "आमचा पीसी शटडाऊन केला तरी बंदच होत नाही गं, काय करू?" संशोधनाचा आणि या प्रश्नाचा काही संबंध नसणार, असं विचारणाऱ्याला वाटत असतं. माझ्या बाबतीत मात्र तो चांगलाच जवळचा आहे. ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिच्या खालचं फर्मवेअर यांचं एकमेकांशी कसं जमतं, किंवा का जमत नाही, हा माझा विषय. आणि हे न जमणं शटडाऊनच्या वेळी जितकं उघडं पडतं तितकं क्वचितच कुठे पडत असेल. म्हणून आज पेपरबिपर बाजूला ठेवून याच प्रश्नावर लिहितेय.

आधी तक्रार नीट समजून घेऊ. "बंद होत नाही" हे डॉक्टरकडे जाऊन "बरं वाटत नाही" म्हणण्यासारखं आहे. त्यात निदान तीन वेगळे आजार लपलेले असतात. एकात स्क्रीनवर ते चक्र नुसतं फिरत राहतं, दहा-दहा मिनिटं. दुसऱ्यात स्क्रीन काळी होते, वाटतं झालं बंद, पण पंखा घुमतोय आणि समोरचा दिवा चालूच. तिसऱ्यात मशीन खरोखर बंद होतं आणि पाच सेकंदांनी आपलं आपणच सुरू होतं. (बंद झाल्यावरही माऊसचा किंवा नेटवर्कच्या सॉकेटचा दिवा जळतो, ही चौथी तक्रार. तो आजार नाही. का, ते पुढे येईलच.) तिघांवरचा उपाय वेगळा, कारण तिघंही वेगवेगळ्या पायरीवर अडकलेले असतात.

आता थोडं मागे जाऊ. नव्वदच्या दशकातल्या जुन्या एटी पद्धतीच्या कॅबिनेटवर जो खटका असायचा तो खराखुरा खटका होता. भिंतीवरच्या बोर्डातला करंट जाड वायरींमधून थेट त्या खटक्यापर्यंत यायचा. बंद केला की बंद. त्यामुळे कॉम्प्युटर "स्वतः" बंद होण्याचा प्रश्नच नव्हता. विंडोज ९५ आपलं काम आवरायचं आणि काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत सांगायचं की आता बंद करायला हरकत नाही. मग आपण हात पुढे करून खटका पाडायचा. शेवटचं काम माणसाचं होतं.

१९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स ही नवी रचना आणली आणि ते काम माणसाच्या हातून काढून घेतलं. पुढचं बटण आता करंट तोडत नाही; ते मदरबोर्डला फक्त कळवतं की "कुणीतरी बटण दाबलंय." एसएमपीएसमधून मदरबोर्डकडे जाणारा जो जाडा जुडगा असतो त्यात एक हिरवी वायर असते. मदरबोर्डने ती जमिनीला, म्हणजे काळ्या वायरला, जोडून धरली की एसएमपीएस चालू. सोडली की बंद. दुरुस्तीवाले नुसता एसएमपीएस तपासायला हिरवी आणि काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडतात ते याचसाठी. शिवाय एक जांभळी वायर असते, ती ५ व्होल्ट कायम देत राहते, कॉम्प्युटर "बंद" असतानाही. माऊसचा तो दिवा यावरच जळतो. म्हणजे भिंतीवरचं बटण चालू आहे तोवर आपला डेस्कटॉप पूर्ण बंद कधीच नसतो, एक डोळा उघडा ठेवून झोपलेला असतो.

थोडक्यात, "बंद होणं" म्हणजे शेवटी मदरबोर्डने ती हिरवी वायर सोडणं. आणि ती सोडायला सांगणार कोण? इथून गंमत सुरू होते.

तुम्ही शटडाऊन म्हणता तेव्हा सगळ्यात आधी चालू असलेल्या प्रोग्रॅमना निरोप जातो की आवरा. लिनक्सवर हे काम बहुधा सिस्टिमडी करतं. आधी सभ्यपणे सांगतं, थांबतं, आणि ऐकलं नाही तर मारून टाकतं. थांबायची मुदत मूळ सेटिंगप्रमाणे ९० सेकंद. "अ स्टॉप जॉब इज रनिंग" अशी ओळ येते आणि पुढे सेकंद मोजले जातात, ते हेच. ही अडचण बरी, कारण निदान नाव तरी कळतं कोण अडून बसलंय ते. सगळ्यात चिवट प्रकार नेटवर्कवरच्या फोल्डरचा. समजा, दुसऱ्या सर्व्हरवरचं फोल्डर आपल्या मशीनवर जोडलेलं आहे आणि शटडाऊनमध्ये नेटवर्क आधी बंद झालं. आता फोल्डर सोडवायचं तर समोरच्या सर्व्हरचं उत्तर हवं, आणि उत्तर यायचा रस्ताच आपण बंद केलेला. अशा अवस्थेत अडकलेला प्रोग्रॅम मारायचा म्हटलं तरी बऱ्याचदा मरत नाही, कारण तो कर्नलच्या आत उत्तराची वाट बघत बसलेला असतो.

प्रोग्रॅम गेले, डिस्क सोडवल्या, की पाळी ड्रायव्हरांची. कर्नल प्रत्येक डिव्हाइसच्या ड्रायव्हरला म्हणतो, तुझं यंत्र शांत कर. एखादा ड्रायव्हर इथेच अडतो: ग्राफिक्स कार्डाचा, वायफायचा, कुणाचाही. विंडोजवर अशा वेळी कधीकधी बराच वेळ थांबून निळी स्क्रीन येते आणि तिच्यावर "ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर" असं लिहिलेलं असतं. ती दिसली तर सरळ अलीकडे कुठला ड्रायव्हर बदलला तिकडे बघायचं.

आणि मग शेवटची पायरी. माझा सगळा जीव इथे अडकलाय, तेव्हा थोडं सविस्तर सांगते.

हार्डवेअरला "करंट तोड" असं सांगायची पद्धत प्रत्येक मदरबोर्डवर वेगळी असू शकते. म्हणून डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून एसीपीआय नावाचं मानक काढलं. त्यातली कल्पना अशी: मदरबोर्ड बनवणाऱ्याने आपल्या बोर्डाची माहिती ठरलेल्या तक्त्यांत भरून फर्मवेअरमध्ये ठेवायची, आणि ऑपरेटिंग सिस्टिमने ती वाचून त्याप्रमाणे वागायचं. या तक्त्यांत नुसती माहितीच नाही, तर छोटे छोटे प्रोग्रॅमसुद्धा असतात, एका खास भाषेत लिहिलेले. ते कर्नलच्या आत चालतात. म्हणजे बघा, आपण लिनक्स चालवा की विंडोज, त्याच्या पोटात मदरबोर्डवाल्याने लिहिलेला कोड चालत असतो, आणि तो कुणी किती तपासलाय ते आपल्याला माहीत नसतं.

मशीन बंद करायच्या अवस्थेला एसीपीआयमध्ये एस-५ म्हणतात. कर्नल तक्त्यातून एस-५ साठीचा आकडा वाचतो, "आता झोपायची तयारी करा" असा एक छोटा प्रोग्रॅम चालवतो, आणि मग चिपसेटच्या एका ठरावीक रजिस्टरमध्ये तो आकडा लिहून सोबत एक बिट १ करतो. संपलं. आकडा फक्त तीन बिटांचा, म्हणजे ० ते ७ मधला. इंटेलच्या चिपसेटवर तो सहसा ७ असतो, तर क्यूईएमयू या आभासी मशीनमध्ये ०. हे लिहिलं गेलं की चिपसेट इशारा देतो, हिरवी वायर सुटते, पंखा थांबतो. लाखो ओळींच्या कर्नलचं शेवटचं काम म्हणजे एका जागी एक आकडा लिहिणं.

आणि लिहूनही काही झालं नाही तर? तर काहीच होत नाही. स्क्रीन आधीच गेलेली, डिस्क आधीच सुटलेली, प्रोसेसर रिकामा बसलेला, पंखा चालू. हाच आपला दुसरा आजार. याची खरी पंचाईत अशी की पुरावा ठेवायची जागाच आधी बंद झालेली असते. लॉग लिहायचा तर डिस्क हवी, आणि डिस्क दोन पायऱ्या आधीच सोडून दिली. शटडाऊनमध्ये बिघाड जितका उशिरा होतो तितका त्याचा माग कमी राहतो. बूट होताना बिघडलं तर निदान स्क्रीनवर काहीतरी ओरडतं तरी. इथे सगळे साक्षीदार घरी गेल्यावर गुन्हा घडतो.

याचं मला आवडणारं उदाहरण म्हणजे २०१५ चं १५ इंची मॅकबुक प्रो. त्याच्या दोन मॉडेलांवर लिनक्स टाकलं की ना ते बंद व्हायचं, ना झोपायचं. बंद करायचं रजिस्टर जागेवर होतं, आकडा बरोबर होता, लिहिलाही जायचा. तरी ढिम्म. शोधता शोधता संबंध निघाला तो भलत्याच गोष्टीशी: मेमरीच्या पत्त्यांमधला एक २ एमबीचा तुकडा. हा तुकडा रिकामा आहे असं समजून लिनक्स तो एका पीसीआय पोर्टाला देऊन टाकायचं. दिला की बंद करायचं रजिस्टर काम करेनासं व्हायचं. नाही दिला की सगळं सुरळीत.

आता कुठे तो तुकडा आणि कुठे शटडाऊन! दुरुस्तीच्या पॅचमध्येच एक तर्क मांडलेला आहे आणि मला तो पटतो. त्या रजिस्टरमध्ये लिहिलं की प्रोसेसर ऑपरेटिंग सिस्टिमला न विचारता एका वेगळ्या मोडमध्ये शिरतो आणि फर्मवेअरचा कोड चालवतो. कर्नलला हे दिसतच नाही. त्याच्या लेखी तेवढा वेळ गेलेलाच नसतो. त्या फर्मवेअरला काम करायला त्या २ एमबीमधलं काहीतरी लागत असावं. पण ती जागा आपली आहे असं फर्मवेअरने कुणालाच सांगितलेलं नव्हतं. लिनक्सने बिचाऱ्याने तक्ते वाचले, जागा मोकळी दिसली, वापरली. गावातली पडीक दिसणारी जमीन घेऊन कुंपण घालावं आणि मग कळावं की शेजाऱ्याच्या विहिरीची वाट त्यातूनच जात होती, तसं. दुरुस्ती काय? लिनक्समध्ये खास या मॉडेलांसाठी काही ओळी घातल्या: ही २ एमबी जागा कुणाला द्यायची नाही. कारण सिद्ध झालं का? माझ्या मते नाही, आतला फर्मवेअर कोड उघडून बघितल्याशिवाय ते होणारही नाही. पण मशीन बंद होऊ लागली.

अशा दुरुस्त्यांना कर्नलच्या भाषेत क्वर्क म्हणतात. क्वर्क म्हणजे "हे मशीन नियमाप्रमाणे वागत नाही, तर आपणच सांभाळून घेऊ" अशी लेखी नोंद. कर्नलमध्ये त्या ढिगाने आहेत. आणखी एक मजा सांगते. एसीपीआयच्या तक्त्यांतला कोड ऑपरेटिंग सिस्टिमला विचारू शकतो, "तू अमुक विंडोज आहेस का?" आणि लिनक्स बेधडक "हो" म्हणतं! "तू लिनक्स आहेस का?" याला मात्र उत्तर "नाही". कारण बोर्ड बनवणाऱ्यांनी तपासणी बहुतेक वेळा विंडोजवर केलेली असते, मग त्याच रस्त्याने गेलेलं बरं. मानक कागदावर काहीही म्हणो, व्यवहारातलं मानक म्हणजे "विंडोजवर चाललं ना, मग झालं."

तिसरा आजार, बंद होऊन परत सुरू होणं, हा वेगळ्या घराण्यातला. इथे हिरवी वायर सुटते, पण कुणीतरी लगेच पुन्हा उठवतं. तो अर्धा उघडा डोळा आठवतोय ना? नेटवर्क कार्ड, यूएसबी कीबोर्ड, बायोसमधलं घड्याळ, यांना जांभळ्या वायरीवर जागं राहून मशीन उठवायची परवानगी असू शकते. २०१३ मध्ये इंटेलच्या हॅसवेल पिढीच्या मशीनवर लिनक्सवाल्यांना हाच त्रास झाला. नव्या बायोसची अपेक्षा होती की बंद होताना ऑपरेटिंग सिस्टिमने यूएसबी कंट्रोलरला पूर्ण झोपवून त्याची उठवण्याची खूण पुसावी. लिनक्सचा ड्रायव्हर तसं करत नव्हता. मग बंद झालेलं मशीन कधीकधी स्वतःच जागं व्हायचं. ड्रायव्हरमध्ये झोपवायची पायरी घातल्यावर ते थांबलं. घरी हा त्रास असेल तर आधी बायोसमध्ये जाऊन "वेक ऑन लॅन" आणि यूएसबीवरून उठवायची सोय बंद करून बघा. बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं.

विंडोजवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. विंडोज ८ पासून "फास्ट स्टार्टअप" आलं. ते चालू असेल तर तुम्ही शटडाऊन म्हणता तेव्हा तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण कर्नल आणि ड्रायव्हर बंद न होता त्यांची अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते, आणि सकाळी तीच परत उचलली जाते. खरं वाटत नसेल तर शटडाऊन करून मशीन परत चालू करा आणि टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर "अप टाइम" बघा. काही दिवसांचा आकडा दिसला तर समजा, तुमचा कर्नल तेवढे दिवस बंदच झालेला नाही. म्हणूनच बिघडलेला ड्रायव्हर रोज शटडाऊन करूनही सुधारत नाही आणि एका रीस्टार्टने सुधारतो, कारण रीस्टार्ट मात्र खरा होतो. शिफ्ट दाबून धरून शटडाऊनवर क्लिक केलं तर त्या वेळेपुरता पूर्ण शटडाऊन होतो. पंखा चालू राहण्याचा त्रास विंडोजवर असेल तर माझं पहिलं सांगणं हेच: शिफ्ट धरून बंद करून बघा. तसं बंद झालं तर फास्ट स्टार्टअप काढून टाका. एसएसडी असलेल्या मशीनवर त्यातून वाचणारे चार सेकंद असेही मला महाग वाटतात.

लिनक्सवर पहिली चाचणी अशी: रीस्टार्ट होतंय का? होत असेल आणि फक्त बंद होत नसेल, तर प्रोग्रॅम आणि डिस्कपर्यंतचं सगळं ठीक आहे आणि संशय शेवटच्या पायरीवर जातो, कारण तिथे दोघांचे रस्ते फुटतात. (रीस्टार्टसाठी कर्नलकडे अनेक युक्त्या आहेत. त्यातली एक म्हणजे कीबोर्ड कंट्रोलरला सांगून प्रोसेसर रीसेट करणं, जी १९८४ च्या आयबीएम पीसी एटीपासून चालत आलीय! बंद करण्यासाठी मात्र बहुतेक पीसींवर तो एकच आकडा.) दुसरी, स्क्रीनवर शेवटची ओळ कुठली? "पॉवर डाऊन" दिसून थांबलं तर कर्नलने आपलं काम केलंय, घोडं फर्मवेअरपाशी अडलंय. बायोस अपडेट आहे का बघा. "सिस्टिम हॉल्टेड" दिसलं तर बिघाडच नाही. कुणीतरी पॉवरऑफऐवजी हॉल्ट ही आज्ञा दिलीय, आणि हॉल्टचा अर्थच प्रोसेसर थांबवा, करंट राहू दे. त्याआधीच अडलं तर मागच्या बूटचा जर्नल उघडून शेवटच्या ओळी वाचा. आणि जर्नलही गप्प असेल तर पीस्टोअर नावाची सोय आहे. तिच्यात कर्नलचे शेवटचे संदेश डिस्कऐवजी फर्मवेअरच्या स्मृतीत ठेवता येतात. सगळे गेल्यावरही थांबणारा एक साक्षीदार.

बरं, मग बटण दाबून धरायचं की नाही? ४ सेकंद धरलं की चिपसेट कुणालाही न विचारता करंट तोडतो. "पॉवर डाऊन" नंतर अडकलं असेल तर खुशाल धरा, डिस्क आधीच सुटलेली आहे. चक्र फिरत असताना मात्र थोडं थांबा, विशेषतः डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर. यावर २००३ मध्ये जॉर्ज कँडिया आणि अरमँडो फॉक्स यांनी एक मस्त खोडसाळ पेपर लिहिला होता: प्रोग्रॅम असेच लिहा की बंद करायचा एकच मार्ग म्हणजे पाडणं, आणि सुरू करायचा एकच मार्ग म्हणजे पडझडीतून सावरणं. त्यांच्या मोजणीत रेड हॅट ८ ला नीट बंद होऊन परत यायला १०४ सेकंद लागले, आणि करंट तोडल्यासारखं पाडून परत यायला ७५. म्हणजे सावरायची यंत्रणा लिहायचीच आहे, तर आवरायची वेगळी कशाला? डेटाबेसवाले आणि फाइल सिस्टिमवाले याच्या बरेच जवळ गेलेत. पण तुमचा अर्धवट सेव्ह झालेला प्रबंध ज्या एडिटरमध्ये आहे तो गेलाय का, हे आधी बघा.

ही सगळी यातायात घरच्या पीसीपुरती असती तर चार सेकंदांत प्रश्न मिटला असता. खरा घोळ होतो जिथे बटण दाबायला माणूसच नसतो. लॅबमधलं सिम्युलेशनचं मशीन, तालुक्याच्या ठिकाणचा वाचनालयाचा सर्व्हर. लाईट जाते, यूपीएस बॅटरी संपत आल्याचं कळवतो, मशीन शटडाऊन सुरू करतं आणि शेवटच्या पायरीवर अडकतं. बायोसमध्ये "लाईट आल्यावर आपोआप चालू हो" असं सेटिंग केलेलं असलं तरी उपयोग नाही, कारण बॅटरी पूर्ण संपायच्या आत लाईट आली तर मशीनच्या दृष्टीने करंट कधी गेलाच नव्हता. ना चालू, ना बंद; सोमवारी कुणीतरी कुलूप उघडेपर्यंत तसंच. गंमत म्हणजे मशीन नीट बंद झालं तरी हाच घोळ होऊ शकतो. त्यासाठी यूपीएसच्या सॉफ्टवेअरमध्ये शटडाऊननंतर थोड्या वेळाने यूपीएसनेच आपला पुरवठा तोडून परत द्यावा, अशी सोय असते. तुमच्या यूपीएसमध्ये ती असेल तर चालू करा, आणि एकदा दिवसाउजेडी, लॅबमध्ये माणसं असताना, महत्त्वाचं काम चालू नसताना, यूपीएसचा प्लग भिंतीतून काढून शेवटपर्यंत काय होतं ते घड्याळ लावून बघा.